'गेल्तो'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत इंग्रजीच्या तासाला एक वाक्य हमखास ऐकू येतं. काल का आला नाहीस, असं सरांनी विचारलं की मुलगा उठून सांगतो, 'सर, आय हॅड गॉन टू सोलापूर येस्टरडे.' 'गो'चं तिसरं रूप 'गॉन', हे त्याचं पाठ आहे. 'हॅड'नंतर क्रियापदाचं तिसरं रूप येतं, हेही पाठ आहे. तरी हेच वाक्य वहीत आलं की त्याखाली लाल रेघ येते आणि शेजारी दोन शब्द लिहिलेले असतात : 'आय वेंट'.

मुलाला कळत नाही की चुकलं काय. घरी तो म्हणतो, 'काल सोलापूरला गेल्तो.' मराठवाड्यातलं 'गेल्तो' म्हणजे पुस्तकातलं 'गेलो होतो'. 'गेलो'ला 'गॉन' लावलं, 'होतो'ला 'हॅड' लावलं, 'काल'ला 'येस्टरडे' लावलं. हिशेब तर चोख जुळला!

या वाक्याची भावंडंही पुष्कळ आहेत. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे.' 'व्हेन हॅव यू कम?' 'आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टेन इयर्स.' 'बिफोर टू इयर्स आय वॉज इन पुणे.' बँकांच्या आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत 'वाक्यातली चूक ओळखा' हा प्रश्न असतो, त्यात ही मंडळी वेश बदलून येतात. काळांचं कोष्टक घडाघडा म्हणून दाखवणारी मुलंही तिथे अडतात, कारण कोष्टकात एकटं क्रियापद असतं. 'काल', 'आत्ता', 'तीन दिवसांपासून' असे वेळेचे शब्द कोष्टकाच्या बाहेर राहतात. गडबड होते ती क्रियापद आणि वेळेचा शब्द यांच्या सांध्यावर.

मराठीत 'काल'ला सगळं चालतं

मराठी माणूस एकाच 'काल'बरोबर तीन वेगवेगळी रूपं सहज वापरतो. 'मी काल आलो.' 'मी कालच आलोय.' 'मी काल आलो होतो.' यातलं कुठलंच वाक्य चुकीचं नाही आणि तिन्हींचा अर्थही एक नाही.

लग्नघरी पाहुण्याला विचारलं, कधी आलात? तो म्हणतो, 'कालच आलोय.' म्हणजे काल आला आणि अजून इथेच मुक्काम आहे. तोच पाहुणा पुढच्या महिन्यात भेटला आणि म्हणाला, 'मी तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही घरी नव्हता,' तर 'होतो' एवढ्या एका शब्दातून कळतं की तो आला आणि परत गेला. 'गेल्तो', 'आल्तो' यांतला 'तो' इतकंच सांगतो की फेरी पूर्ण झाली, आता त्याचं काही शिल्लक नाही. मराठी क्रियापदाला इथे घटनेची तारीख महत्त्वाची नसते. तिचा परिणाम आज उरला आहे की ओसरला, हे ते सांगतं. तारीख सांगायला 'काल' आहेच, आणि तो बापडा कुठल्याही रूपाशेजारी बसतो.

'परवा' तर याच्याही पुढे जातो. 'परवा आल्तो' म्हटलं की दोन दिवस मागे, 'परवा येतो' म्हटलं की दोन दिवस पुढे. शब्द तोच, दिशा क्रियापद ठरवतं. म्हणजे मराठीत वेळेचा शब्द आणि क्रियापद यांनी कामं वाटून घेतली आहेत, एकाने दुसऱ्याची री ओढलीच पाहिजे अशी सक्ती नाही.

इंग्रजीत ती सक्ती आहे. 'येस्टरडे' आला की साधा भूतकाळच येणार. 'हॅव' चालत नाही आणि एकटं-दुकटं 'हॅड'ही चालत नाही. मग 'फेरी पूर्ण झाली' हा अर्थ इंग्रजीत सांगायचा कसा? बहुतेक वेळा तो सांगितलाच जात नाही, पुढच्या-मागच्या बोलण्यावरून ऐकणारा समजून घेतो. जिथे सांगायचाच असतो तिथे इंग्रजीने वेगळी सोय केली आहे. 'ही हॅज गॉन टू सोलापूर' म्हणजे तो सोलापूरला गेलाय, आत्ता तिथेच आहे. 'ही हॅज बीन टू सोलापूर' म्हणजे तो सोलापूरला जाऊन आलाय. 'गॉन' आणि 'बीन' यांतला हा फरक मराठी माणसाला खरं तर चटकन कळायला हवा, कारण 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' हे तो रोज बोलतो. आश्चर्य म्हणजे वर्गात हा धागा क्वचितच जोडून दाखवला जातो.

तीन खुणा

इंग्रजी काळांचा हा कारभार उलगडायला सगळ्यात उपयोगी पडलेली कल्पना एका तत्त्वज्ञाची आहे. हान्स रायखेनबाख हे जर्मन तत्त्वज्ञ. नाझी राजवटीमुळे त्यांना १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली. काही वर्षं इस्तंबूलला शिकवून ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले. तर्कशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९४७ मध्ये आलं, त्यात क्रियापदांच्या काळांवर थोडीच पानं आहेत. पण भाषाशास्त्रात काळांची चर्चा आजही त्या पानांपासून सुरू होते.

त्यांचं म्हणणं असं : काळ समजून घ्यायला दोन खुणा पुरत नाहीत, तीन लागतात. पहिली खूण बोलण्याच्या वेळेची, म्हणजे 'आत्ता'. दुसरी घटना घडली त्या वेळेची. तिसरी खूण कोष्टकात कुठेच दिसत नाही. बोलणारा कुठल्या वेळेकडे बघत बोलतोय, नजर कुठे लावून बसलाय, ती ही तिसरी खूण.

साध्या भूतकाळात घटना आणि नजर दोन्ही मागे, एकाच जागी असतात. 'आय वेंट' म्हणताना बोलणारा मनाने काल सोलापुरात असतो. पूर्ण वर्तमानकाळात, म्हणजे 'हॅव'वाल्या रूपात, घटना मागे घडलेली असते पण नजर आत्तावर असते. पूर्ण भूतकाळात, म्हणजे 'हॅड'वाल्या रूपात, नजर मागच्या एका क्षणावर असते आणि घटना त्याच्याही मागे. भूतकाळाच्या पाठीमागचा भूतकाळ.

आता 'येस्टरडे' कुणाला चिकटतो? रायखेनबाख यांचं उत्तर असं की, वेळेचा शब्द नजरेची जागा सांगतो. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' या वाक्यात 'हॅव' म्हणतो की नजर आत्तावर आहे आणि 'येस्टरडे' म्हणतो की ती कालवर आहे. दोघांनी नजर दोन दिशांना ओढली की वाक्य फाटतं.

हे सगळ्या भाषांत असंच असतं असं मुळीच नाही. जर्मन आणि फ्रेंच माणसं 'मी त्याला काल पाहिलंय' या घाटाचं वाक्य राजरोस बोलतात. मराठीही त्यांच्याच पंगतीत बसते. इंग्रजीलाच हे का चालत नाही, हे भाषाशास्त्रात रीतसर कोडं मानलं जातं. वोल्फगांग क्लाइन या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये यावर लिहिलेल्या लेखाच्या नावातच 'कोडं' हा शब्द आहे. तेव्हा धाराशिवच्या मुलाने यात ठेच खाल्ली तर त्यात लाजण्यासारखं फारसं काही नाही.

मिटलेलं खातं, चालू खातं

नजरेची ही गोष्ट किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीवरून नीट कळते. वहीत दोन प्रकारची खाती असतात. एक मिटलेलं : अमुक तारखेला माल नेला, तमुक तारखेला पैसे दिले, रेघ मारली. दुसरं चालू : माल कधी-कधी नेला ते असो, आज बाकी किती एवढंच बघायचं. साधा भूतकाळ म्हणजे मिटलेलं खातं, त्यावर तारीख शोभते. 'हॅव'चं रूप म्हणजे चालू खातं, तिथे आजची बाकी विचारतात, मालाची तारीख नाही.

'येस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन १९९३', 'टू डेज अगो' हे सगळे मिटलेल्या खात्याचे शब्द. 'अगो' आत्तापासून मागे मोजत जातो आणि थेट जुन्या तारखेवर बोट ठेवतो, म्हणून तोही यांच्यातच. 'व्हेन' हा प्रश्न तर तारीखच विचारतो. म्हणून 'कधी आलास?'चं इंग्रजी 'व्हेन डिड यू कम?' असं होतं. 'व्हेन हॅव यू कम?' म्हणजे चालू खात्यावर बोट ठेवून मिटवल्याची तारीख विचारणं.

उलट 'सो फार', 'येट', 'अप टू नाऊ', 'रीसंटली' हे चालू खात्याकडे झुकणारे शब्द. 'एव्हर' आणि 'नेव्हर'ही बहुधा इथेच येतात : 'हॅव यू एव्हर सीन नळदुर्ग फोर्ट?' आयुष्याचं खातं चालू आहे, त्यात आजवर नळदुर्गची नोंद झाली का, एवढंच विचारणाऱ्याला हवं आहे.

मधले काही शब्द घड्याळ बघून पक्ष बदलतात. सकाळी १० वाजता कुणी म्हणेल, 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.' सकाळ अजून सरलेली नाही, तिसरा कप होऊ शकतो. तोच माणूस संध्याकाळी म्हणेल, 'आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.' सकाळचं खातं मिटलं. 'यंदा पाऊस बरा झाला' हे वाक्य ऑगस्टमध्ये बोललं तर 'इट हॅज रेन्ड वेल धिस इयर'. तेच दिवाळीनंतर पावसाळ्याची आठवण काढून बोललं तर 'द मान्सून वॉज गुड धिस इयर'.

खुद्द जिल्ह्याच्या नावावर हे तपासून बघता येतं. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून पडलेलं 'उस्मानाबाद' हे नाव जाऊन २०२३ मध्ये 'धाराशिव' हे नाव अधिकृत झालं. तारखेसह सांगायचं तर 'द डिस्ट्रिक्ट वॉज रीनेम्ड इन २०२३'. तेव्हापासून आजवर चालत आलेलं सांगायचं तर 'इट हॅज बीन ऑफिशियली कॉल्ड धाराशिव सिन्स २०२३'. आणि जे सरलं ते 'इट वॉज कॉल्ड उस्मानाबाद फॉर डेकेड्स'. या तिसऱ्या वाक्यात 'फॉर' आहे आणि 'हॅव' नाही, याकडे लक्ष द्यायला हवं. 'फॉर दिसला की परफेक्ट टेन्स' असा जो ठोकताळा क्लासमध्ये शिकवला जातो, तो इथे तोंडघशी पडतो. 'फॉर' फक्त लांबी मोजतो. खातं चालू की मिटलेलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

माणूस हयात आहे की नाही, यावरही क्रियापद बदलतं. तेर हे गाव दोन हजार वर्षांहून जुनं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात 'तगर' म्हणून त्याचा उल्लेख आहे. गाव आजही नांदतं आहे, म्हणून 'पीपल हॅव लिव्हड इन तेर फॉर मोर दॅन टू थाउजंड इयर्स' हे बरोबर. संत गोरोबाकाका याच तेरचे. पण 'गोरोबाकाका हॅज लिव्हड इन तेर' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं, कारण ज्याचं खातं चालू ठेवायचं तो माणूसच आज नाही. तिथे 'लिव्हड' एवढंच. गाव आणि संत एकाच मातीतले, पण इंग्रजी क्रियापद दोघांना वेगळं वागवतं.

'पासून'चा पेच

'मी दहा वर्षांपासून तुळजापुरात राहतो.' यात क्रियापद वर्तमानकाळी आहे. 'पासून' या शब्दाने वेळ मागे नेऊन ठेवली, आता क्रियापदाने पुन्हा मागे जायचं कारण नाही, असा मराठीचा व्यवहारी विचार. हिंदी, जर्मन आणि फ्रेंचही असाच विचार करतात. वेगळी चाल इंग्रजीची आहे. तिला वाटतं, दहा वर्षं मागे सुरू झालेली गोष्ट आजला भिडते, तर दोन्ही टोकं क्रियापदात दिसली पाहिजेत : 'आय हॅव लिव्हड इन तुळजापूर फॉर टेन इयर्स', किंवा राहणं चालूच आहे यावर भर द्यायचा तर 'आय हॅव बीन लिव्हिंग'.

दुसरा पेच असा की मराठीचा एकच 'पासून' दोन कामं करतो. 'दहा वर्षांपासून' यात तो लांबी सांगतो, '२०१५ पासून' यात तो सुरुवात सांगतो. इंग्रजीत लांबीला 'फॉर' आणि सुरुवातीला 'सिन्स'. म्हणून 'सिन्स टेन इयर्स' चुकतं. 'सिन्स'नंतर वार, तारीख, साल किंवा एखादी घटना हवी : 'सिन्स मंडे', 'सिन्स २०१५', 'सिन्स हर मॅरेज'.

'पूर्वी'चंही असंच. 'दोन वर्षांपूर्वी'चं 'बिफोर टू इयर्स' होत नाही. आत्तापासून मागे मोजायचं तर 'टू इयर्स अगो'. मागच्याच एखाद्या क्षणापासून आणखी मागे मोजायचं असेल तेव्हा 'टू इयर्स बिफोर' किंवा 'टू इयर्स अर्लियर' उपयोगी पडतं. पुढे मोजताना 'आठ दिवसांनी' आडवा येतो. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा, सोमवारी सांगितलं की पुढचा सोमवार. 'आफ्टर एट डेज' ऐकून परदेशी माणूस खरोखर आठ मोजेल आणि मंगळवारी दारात उभा राहील. 'इन अ वीक' म्हटलं की निभावतं.

बोलीत दडलेली मदत

एका बाबतीत मराठवाड्याच्या माणसाकडे चांगली पुंजी आहे, पण ती कुणी मोजत नाही. इंग्रजीत 'व्हॉट डू यू डू?' आणि 'व्हॉट आर यू डूइंग?' हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्यात कामधंदा विचारला आहे, दुसऱ्यात आत्ता काय चाललंय ते. पुस्तकी मराठीतलं 'काय करतोस?' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे गोंधळ होतो. पण धाराशिव-लातूरकडे आत्ताचं विचारताना सरळ 'काय करायलास?' म्हणतात. उत्तर येतं, 'जेवायलोय', 'गावाकडं जायलोय'. रोजचं सांगायचं असलं की तोच माणूस 'जातो' म्हणतो.

म्हणजे 'एव्हरी डे', 'ऑन संडेज' यांच्याबरोबर 'आय गो' आणि 'नाऊ', 'ॲट द मोमेंट' यांच्याबरोबर 'आय ॲम गोइंग', हा भेद त्याच्या बोलीत जन्मापासून आहे. 'दरवर्षी नवरात्रात तुळजापूरला जातो' आणि 'आत्ता तुळजापूरला जायलोय' ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिली तर निम्मा धडा तिथेच संपतो. बोलीला वर्गाच्या दाराबाहेर ठेवण्याची आपली जुनी खोड इथे महागात पडते.

'हॅड'ची खरी जागा

मग 'हॅड' हवा तरी कधी? त्याला दोन मागच्या घटना लागतात, एक अलीकडची आणि एक तिच्या आधीची. एकट्या घटनेबरोबर तो अवघडून उभा राहतो. ऐकणारा वाट बघतो : 'हॅड गॉन'... बरं, मग पुढे काय झालं?

जिल्ह्याच्या इतिहासात याचं चोख उदाहरण आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली आणि त्याच दिवशी तिने नळदुर्ग घेतलं. १७ सप्टेंबरला संस्थान शरण आलं. आता इंग्रजीत : 'व्हेन द आर्मी एंटर्ड नळदुर्ग, इंडिया हॅड ऑलरेडी बीन फ्री फॉर ऑलमोस्ट थर्टीन मंथ्स.' नजर नळदुर्गवर आहे आणि तिथून मागे वळून ती दिल्लीच्या मध्यरात्रीकडे बघते आहे. हेच 'हॅड'चं काम. इथे 'वॉज' घातलं असतं तर मागे वळणं हरवलं असतं आणि ते तेरा महिने कुठून कुठवर मोजायचे, हेच कळलं नसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. केंद्र लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ, पण लोहारा आणि उमरगा भागातली सास्तूरसारखी गावंही त्यात उद्ध्वस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले होते. 'द अर्थक्वेक स्ट्रक बिफोर डॉन. द इमर्शन हॅड एंडेड अ फ्यू अवर्स अर्लियर, अँड पीपल वेअर स्लीपिंग.' तीन क्रियापदांना तीन रूपं मिळाली. भूकंप नजरेच्या जागी, विसर्जन त्याच्या मागे, झोप त्या क्षणी चालू असलेली. 'अर्लियर' हा वेळेचा शब्दही 'हॅड'च्या बाजूने उभा आहे. वाक्यात 'बिफोर' किंवा 'आफ्टर' असेल, तर आधी-नंतरचा क्रम त्यातूनच कळतो. मग इंग्रजी माणूस 'हॅड' गाळून साध्या भूतकाळावरही भागवतो.

ताजी बातमी सांगण्याची इंग्रजी रीतही याच धर्तीची आहे. पहिल्या वाक्यात 'हॅज' : 'अ स्ट्राँग अर्थक्वेक हॅज हिट मराठवाडा.' म्हणजे हे झालं आहे आणि त्याचे परिणाम आत्ता समोर आहेत. दुसऱ्या वाक्यापासून वेळ आली की लगेच साधा भूतकाळ : 'इट स्ट्रक जस्ट बिफोर फोर इन द मॉर्निंग.' इंग्रजी बातम्या ऐकताना एवढ्या एका वळणावर कान ठेवला तरी 'हॅज' आणि 'डिड' यांची जागा आपोआप अंगवळणी पडते.

चौकट : वहीच्या मागच्या पानासाठी

• येस्टरडे, लास्ट वीक, अगो, इन १९९३, व्हेन असा प्रश्न : साधा भूतकाळ.
• सिन्स (सुरुवातीची वेळ), सो फार, येट : बहुधा 'हॅव' किंवा 'हॅज'.
• फॉर : लांबी सांगतो. आजपर्यंत चालू असेल तर 'हॅव', संपलं असेल तर साधा भूतकाळ.
• टुडे, धिस मॉर्निंग, धिस इयर : ती वेळ सरली की नाही ते पाहावं.
• मागच्या घटनेच्याही आधीचं काही : 'हॅड'.
• लास्ट, नेक्स्ट, धिस यांच्याआधी 'इन' किंवा 'ऑन' नको. 'इन लास्ट इयर' चुकीचं, 'लास्ट इयर' बरोबर.

'पर्यंत', 'अजून' आणि 'आलोच'

'पाच वाजेपर्यंत थांब' आणि 'पाच वाजेपर्यंत ये', दोन्हीकडे 'पर्यंत'. थांबणं सलग चालतं, येणं एकदाच घडतं. इंग्रजी हे दोन 'पर्यंत' वेगळे काढते. सलग चालणाऱ्याला 'टिल', मुदतीच्या आत घडणाऱ्याला 'बाय'. 'वेट टिल फाइव्ह', पण 'कम बाय फाइव्ह'. 'पीकविम्याचा अर्ज ३१ जुलैपर्यंत भरा' हे 'सब्मिट द फॉर्म टिल ३१ जुलै' असं लिहिलं, तर अक्षरशः अर्थ होतो की त्या तारखेपर्यंत अर्ज भरतच राहा!

'बाय'च्या जोडीला पूर्ण काळ छान बसतो. 'बाय ८ ओक्लॉक द बस हॅड लेफ्ट' : आठ वाजता बघतो तर बस सुटून गेलेली. भविष्यात 'बाय दिवाळी वी विल हॅव सोल्ड द सोयाबीन' : दिवाळीवर नजर ठेवून सांगायचं की तोवर सोयाबीन विकून झालेलं असेल. 'टिल'ला हे जमत नाही, त्याला 'वी वेटेड टिल एट' असं लांबत जाणारं काम लागतं.

'अजून'चीही दोन कामं. 'बस अजून आली नाही' याला 'येट' : 'द बस हॅजन्ट कम येट'. 'तो अजून इथेच आहे' याला 'स्टिल' : 'ही इज स्टिल हियर'. 'येट' वाट बघतो, 'स्टिल' न बदललेली गोष्ट दाखवतो.

पुढच्या काळाबद्दल बोलताना तर दोन्ही भाषा मजेशीर खोटं बोलतात. खालून हाक आली की वरून उत्तर येतं, 'आलोच!' माणूस अजून जिन्यावरही नाही आणि क्रियापद भूतकाळी. याचं 'आय केम' केलं तर इंग्रज दाराकडे बघेल. तिथे 'आय ॲम कमिंग' हवं. 'मृगाचा पाऊस पडला की पेरू' यातही पाऊस अजून पडायचा आहे, पण 'पडला' म्हणून मोकळे. इंग्रजी इथे वर्तमानकाळ वापरते : 'व्हेन इट रेन्स, वी विल सो.' पाऊस भविष्यात, पण 'विल' फक्त पेरणीला. 'व्हेन इट विल रेन' ही चूक आपण 'पडला की'वरून करत नाही, 'पडेल तेव्हा'वरून करतो. जरा गंमतच आहे : बोलण्यातलं सवयीचं वाक्य मनात धरलं असतं, तर 'विल' आपोआप गळला असता. 'व्हेन', 'आफ्टर', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' यांनी सुरू होणाऱ्या अशा अर्ध्या वाक्यात 'विल' नको, एवढं धरून ठेवलं तर पुष्कळ काम होतं.

वेळापत्रकाच्या बाबतीत मात्र दोघींचं जमतं. 'गाडी उद्या सहाला सुटते', 'द बस लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो'. उद्याची गोष्ट, दोन्हीकडे वर्तमानकाळ. वेळापत्रक आजच ठरलेलं असतं ना!

चूक कुणाची, आणि किती मोठी

इंग्रजी बोलणारे सगळे या नियमांवर एकमताने चालतात, असा समज करून घेऊ नये. ब्रिटिश माणूस जेवणाचं विचारताना 'हॅव यू ईटन येट?' म्हणेल, अमेरिकन 'डिड यू ईट येट?' म्हणून मोकळा होतो. 'जस्ट' आणि 'ऑलरेडी' यांच्याबरोबरही अमेरिकेत साधा भूतकाळ सर्रास चालतो. आणि 'आय हॅड गॉन येस्टरडे' छापाचा 'हॅड' एकट्या मराठी मुलाचा नाही. तो भारतभर ऐकू येतो, आणि भारतीय इंग्रजीचं एक वैशिष्ट्य म्हणून अभ्यासकांनी त्याची नोंदही केली आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधीच्या पिढ्यांनी ते पाचवीत किंवा आठवीत सुरू केलं. पण पहिलीत सुरू केलेल्यांच्या तोंडीही हा 'हॅड' टिकून आहे. ज्या भाषेतून आपण विचार करतो, तिची सवय इतकी खोल असते.

परीक्षेत मार्क जातात, म्हणून हे शिकायला हवं, यात वाद नाही. पण सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' ऐकून कुणाचाही गैरसमज होत नाही, फार तर कान टवकारतात. खरा धोका वेगळ्या जागी आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात एखाद्या परप्रांतीय डॉक्टरला इंग्रजीत सांगायची वेळ आली आणि पेशंट म्हणाला, 'आय हॅव फीवर सिन्स थ्री डेज', तर व्याकरणाच्या पेपरात हे वाक्य नापास. डॉक्टरला मात्र नेमकं कळतं : तीन दिवसांपासून ताप आहे. त्याच पेशंटने चूक टाळायची म्हणून 'आय हॅड फीवर फॉर थ्री डेज' असं म्हटलं, तर वाक्य शंभर टक्के शुद्ध. फक्त त्याचा अर्थ होतो की तीन दिवस ताप होता आणि उतरला. त्याला म्हणायचं होतं 'आय हॅव हॅड फीवर फॉर थ्री डेज', आणि मधल्या त्या एका 'हॅव'अभावी डॉक्टर थर्मामीटरकडे हात नेण्याऐवजी विचारतो, 'मग आता काय त्रास होतोय?'